योकोसुका : बाबा, रिव्हेट आणि एक घार

शुक्रवार, रात्री

आईबाबांना जपानला येऊन तीन आठवडे झाले होते आणि बाबांना देवळांचा उघड कंटाळा आला होता. असाकुसा झालं, कामाकुराचा बुद्ध झाला, निक्को झालं. आई सगळीकडे मन लावून पाच येनचं नाणं टाकायची, हात जोडायची. बाबा बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या इमारतीला लावलेली परांची बघत राहायचे. "काय बांधतात बघ, एक बोल्ट सैल नाही," एवढाच त्यांचा जपानवरचा अभिप्राय.

रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, उद्या योकोसुकाला जाऊ. युद्धनौका आहे, आत जाऊन बघता येते."

"कुठली?"

"मिकासा. १९०२ सालची."

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे रिव्हेटवाली."

बाबा माझगाव डॉकमध्ये ३९ वर्षं होते. शिकाऊ म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले, आणि या सगळ्या काळात त्यांनी जहाजाच्या पत्र्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही. आमच्या घरात गोदावरी, गंगा आणि गोमती ही जहाजं होती. या नावांच्या नद्याही आहेत हे मला भूगोलाच्या तासाला कळलं. बाबांच्या काळात सगळं काम वेल्डिंगचं. रिव्हेट मारून बांधलेल्या जहाजांच्या गोष्टी त्यांनी गोदीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडून ऐकलेल्या, आणि दुरुस्तीला आलेली दोन-चार जुनी गलबतं पाहिलेली, तेवढंच.

आई म्हणाली, "मी दशम्या करते. तिकडे काय मिळेल, काय नाही." जपानमध्ये दर दोनशे पावलांवर दुकान असतं हे सांगून उपयोग नव्हता. तीन आठवडे सांगत होतेच.

शनिवार

तोक्योतल्या निशी-कासाईहून, माझ्या घरून, आठला निघालो. निहोम्बाशीला गाडी बदलली की असाकुसा लाइनची भुयारी गाडीच पुढे केइक्यू कंपनीच्या रुळांवर जाते. डबे लाल असतात. शिनागावा सोडल्यावर काही वेळ डावीकडे घरंच घरं, मग अचानक बोगदे सुरू होतात. बोगदा, दोन मिनिटं उजेड, चार उतारांवर चिकटवलेली घरं, पुन्हा बोगदा. आईला लगेच कर्जत-लोणावळा आठवलं. डोंगर इथे थेट समुद्रात उतरतात. पाणी खोल, भोवती टेकड्यांचा आडोसा, आरमाराला याहून चांगली जागा मिळणार नाही. योकोसुका-चुओ स्टेशनसुद्धा दोन बोगद्यांच्या मध्ये कसंबसं बसवलेलं आहे.

गावात अमेरिकन नौदलाचा तळ आहे आणि जपानचाही. रस्त्याने बर्गरची दुकानं आणि पाठीवर वाघ-गरुड भरतकाम केलेली रेशमी जॅकेटं. आई एका जॅकेटची किंमत बघून आली आणि पुढे गावाबद्दल काही बोलली नाही.

पंधरा मिनिटं चाललो की मिकासा पार्क. समोर मिकासावरून लढलेल्या अॅडमिरल टोगोचा पुतळा, त्याच्यामागे जहाजाचा उंच काळपट नाळेचा भाग. सगळे पुतळ्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. बाबा पुतळ्याला वळसा घालून सरळ जहाजाच्या कुशीला गेले आणि तिथे जे उभे राहिले ते तिकीट काढून मी परत आले तरी तिथेच.

जहाज पाण्यावर नाही. त्याचा तळ काँक्रीटमध्ये रोवलेला आहे, त्यामुळे ते ना हलतं ना डुलतं. १२२ मीटर लांब, १५,१४० टन, १२ इंची ४ तोफा पुढेमागे दोन-दोन, आणि दोन्ही कुशींना मिळून ६ इंची १४. ते काळ्या धुराचे, कोळशावरच्या वाफेचे दिवस होते. त्या जातीची, म्हणजे ड्रेडनॉट नावाच्या नव्या धर्तीच्या युद्धनौका यायच्या आधीची, जगात उरलेली ही एकच युद्धनौका. जपानने ती बांधून घेतली इंग्लंडमध्ये, बॅरो गावच्या विकर्सच्या गोदीत. जपानकडे तेव्हा एवढं मोठं जहाज बांधायची सोय नव्हती.

"विकर्स?" बाबा म्हणाले. "आपल्या विक्रांतचं कामही विकर्सनेच सुरू केलं होतं."

विक्रांतचा विषय निघणार हे मला निघतानाच माहीत होतं. १९४३ साली टाइन नदीकाठी विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत तिचा सांगाडा उभा राहू लागला, पुढे बेलफास्टला ती पुरी झाली आणि १९६१ साली आपल्या नौदलात आली. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिचं संग्रहालय केलं. मी शाळेत असताना बाबांनी मला नेलं होतं. मला आठवते ती फक्त हँगरमधली विमानं आणि उन्हात तापलेला डेक, आणि बाबा प्रत्येक दरवाजाच्या चौकटीवरून हात फिरवत होते ते. २०१२ मध्ये तळ धोकादायक झाला म्हणून ती लोकांसाठी बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात गेली. मुंबईतल्या दारूखाना भागात तोडायला घेतली तेव्हा बाबा कामावर जाताना एक स्टेशन आधी, रे रोडला उतरायचे आणि कडेकडेने दिसेल तेवढं बघत डॉकपर्यंत चालत जायचे. घरी येऊन काही सांगायचे नाहीत. आईनेच मला फोनवर सांगितलं, "हल्ली उशिरा येतात, तोंड उतरलेलं असतं."

बाबांनी बोटातली अंगठी पत्र्यावर हलकेच आपटली. कान जवळ नेला. मग पुढच्या रिव्हेटवर. पुन्हा पुढच्या.

"अहो, लोक बघतायत," आई.

"बघू देत. हा घट्ट आहे. हाही." रिव्हेट घट्ट बसला असेल तर हातोडीखाली टणकन आवाज येतो, सैल असेल तर बद्द येतो, असं त्यांना एका मिस्त्रीने शिकवलं होतं. पुढच्या खेपेला ते वळले तर शेजारी एक वयस्कर जपानी गृहस्थ उभे. निळा कोट, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते बाबांकडे बघून म्हणाले, "रिबेत्तो?"

"रिव्हेट!" बाबा म्हणाले.

इथून पुढे अर्धा तास मी दुभाषी. खरं तर माझी फारशी गरज लागली नाही. बाबांनी हातवारे करून दाखवलं: एक जण भट्टीत रिव्हेट लाल करतो, चिमट्याने फेकतो, दुसरा बादलीत झेलतो आणि भोकात घालतो, तिसरा आतून जड लोखंड टेकवून धरतो, चौथा बाहेरून ठोकतो. रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर ओढून धरतो. म्हणून तो घट्ट. गृहस्थ मान हलवत होते. मग त्यांनी आम्हाला पुढे नेलं आणि डेकवरच्या एका जागेकडे बोट दाखवून अगदी हळू आवाजात म्हणाले, "योसेत्सु." वेल्डिंग. म्हणजे हे नंतरचं. बाबा असे खूश झाले की जणू त्यांना घरचं कपाट उघडून दाखवलं होतं.

यानंतर त्यांचा एकच उद्योग. मूळचं काय आणि नंतरचं काय. वरच्या मोठ्या तोफा? नंतरच्या, नकली. धुराडी? नंतरची. डोलकाठ्या? नंतरच्या. वरचा बराचसा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी कापून विकला. खालचे इंजिनाचे मजले बघायलाच मिळत नाहीत. जिना उतरायची वाट शोधत बाबा दोनदा बंद दारापाशी जाऊन आले.

"अगं, मग हे जहाज कुठे आहे?" ते मला म्हणाले. "हा जहाजाचा पुतळा आहे."

मधल्या मजल्यावर मात्र त्यांचा राग थोडा निवळला. कुशीतल्या ६ इंची तोफांच्या कोठड्या तिथे आहेत. तोफेभोवती माणसांचे पुतळे, एक गोळा उचलतोय, एक नेम धरतोय. खलाशी झोळ्या टांगून तिथेच झोपायचे, तिथेच जेवायचे. सुमारे ८६० माणसं या डब्यात. वरच्या डेकवरच्या लहान तोफेची चाकं पोरांना फिरवता येतात. तिथे रांग होती. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा आपल्या आजीवर नेम धरून उभा होता आणि आजी हात वर करून शरण आलेली.

मागच्या टोकाला अॅडमिरलची दालनं. लाकडी तावदानं, लांब टेबल, बाहेर एक छोटी गॅलरी. आईला संपूर्ण जहाजात आवडलेली गोष्ट म्हणजे टोगोची न्हाणी. "युद्धावर निघालेत आणि टब घेऊन!" मग जरा थांबून, "बाकीच्या ८००-९०० जणांचं काय?" याचं उत्तर कुठल्याच पाटीवर नव्हतं.

आता वर, अगदी वर. पुलासारखी एक उघडी माची आहे, चार-पाच माणसं दाटीने उभी राहतील एवढी. जमिनीवर छोट्या पट्ट्या बसवल्या आहेत: इथे टोगो, इथे कातो, इथे आकियामा, इथे कप्तान इजिची. त्यांच्या पायाखालीच १४ इंच जाड पोलादाचा बंद बुरूज होता, लढाईत कप्तानाने त्यात शिरायचं म्हणूनच बांधलेला. टोगो शिरला नाही. तो इथे उघड्यावर उभा राहिला.

तारीख २७ मे १९०५, रशिया-जपान युद्धातली त्सुशिमाची लढाई. रशियाचं बाल्टिक आरमार ऑक्टोबर १९०४ मध्ये निघालं ते आफ्रिकेला वळसा घालून, मादागास्करला थांबून, आपला हिंदी महासागर ओलांडून सुमारे ३३,००० किलोमीटरचा प्रवास करत जपानजवळ पोचलं होतं. इंग्रजांची बंदरं त्यांना बंद. भर समुद्रात कोळसा भरायचा, डेकवर, केबिनमध्ये, मिळेल तिथे पोती रचायची. त्या पहाटे शिनानो मारू नावाच्या टेहळणी जहाजाने बिनतारी संदेश पाठवला की शत्रू दिसला. मिकासावर ती बिनतारी खोली आहे, आपल्याकडच्या जुन्या तारघराची आठवण यावी अशी. टोगोने तोक्योला कळवलं आणि त्याच्या आकियामा नावाच्या अधिकाऱ्याने शेवटी एक ओळ जोडली: हवा स्वच्छ, पण लाटा उंच. जपानी लोकांना ही ओळ तोंडपाठ असते. ऐकायला हवामानाचा अंदाज वाटतो. त्यातला मतलब असा की नेम धरायला आज लांबवर दिसेल, पण लहान टॉर्पेडो बोटींना समुद्र जड जाईल.

दुपारी दोनच्या सुमाराला दोन्ही आरमारं समोरासमोर आली. टोगोने शत्रूच्या डोळ्यांदेखत, सुमारे आठ किलोमीटरवर, आपली रांग वळवली. एकेक जहाज त्याच ठिकाणी येऊन वळणार, म्हणजे वळण पुरं होईपर्यंत शत्रूला एका ठरावीक जागेवर मारा करायची आयती संधी. रशियनांनी ती घेतलीही. सगळ्यात पुढे असलेल्या मिकासाला त्या दिवशी ३० हून अधिक गोळे लागले. पण वळण पुरं झालं आणि जपानी रांग रशियन रांगेच्या तोंडावर आडवी आली. दुसऱ्या दिवशीपर्यंत रशियाच्या ३८ जहाजांपैकी २१ बुडाली होती, व्लादिवोस्तोकला तीन पोचली. रशियाचे चार हजारांहून अधिक खलाशी गेले. जपानचे ११७, आणि तीन टॉर्पेडो बोटी.

लढाई संपून टोगो जागचा हलला तेव्हा सगळा डेक लाटांनी भिजलेला होता आणि त्याच्या बुटांखालची जागा तेवढी कोरडी होती, अशी गोष्ट सांगतात. बाबांना पटली नाही. "जहाज एवढं हलत असताना माणूस एका जागी कसा उभा राहील? पाय टाकावाच लागतो." त्यांनी टोगोच्या पट्टीवर उभं राहून पाहिलं. वारा जोराचा होता आणि त्यांची टोपी उडता उडता राहिली.

या लढाईची बातमी आपल्याकडेही पोचली होती. 'केसरी'ने जपानच्या विजयाची दखल घेतली, आशियातल्या एका देशाने युरोपातल्या एका बादशहाला हरवलं याचा आनंद पुण्या-मुंबईत होता. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली, ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. माझ्या पणजोबांनी म्हणे घरात टोगोचं चित्र लावलं होतं. बाबा हे सांगत असताना मला ऑफिसातली कोरियन मैत्रीण आठवली. शनिवारी मिकासा बघायला जातेय म्हटल्यावर ती नुसतं "अच्छा" म्हणाली होती. हे युद्ध कोरिया आणि मांचुरिया कुणाच्या ताब्यात राहणार यावरून झालं. १९०५ संपायच्या आत कोरिया जपानच्या अंमलाखाली गेला, १९१० मध्ये गिळलाच. तिच्या पणजोबांच्या घरात टोगोचं चित्र असणं शक्य नव्हतं.

विजयानंतर चार महिनेही झाले नव्हते. सासेबो बंदरात उभं असताना, दारूकोठाराचा स्फोट होऊन मिकासा बुडाली. अडीचशेहून अधिक माणसं गेली, म्हणजे लढाईत सगळ्या आरमाराची मिळून गेली त्याच्या दुप्पट. वर्षभराने तिला वर काढलं, दुरुस्त केलं. १९२० च्या दशकात युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टन करारानुसार मोडीत जायची वेळ आली तेव्हा पुन्हा कधीही चालणार नाही अशा रीतीने रोवून ठेवण्याच्या अटीवर ती वाचली. काँक्रीटचं कारण हे. १९२६ मध्ये स्मारक म्हणून खुली झाली तेव्हा म्हातारा टोगो समारंभाला हजर होता.

मग १९४५. हरलेल्या देशात सोव्हिएत प्रतिनिधी म्हणाले, मोडून टाका. मोडली नाही, पण तिच्यावर नाचघर निघालं आणि मत्स्यालय निघालं. त्या नाचघराचं नाव 'कॅबरे टोगो'. हे वाचून बाबांनी मला तीनदा विचारलं, नीट वाचलंस ना? १९५५ साली एका माणसाने तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की या जहाजाची काय अवस्था केलीत. हा माणूस अमेरिकेत राहणारा, पण पूर्वी बॅरोचा, जिथे मिकासा बांधली त्या गावचा. त्या पत्राने चक्रं फिरली. जपानला समुद्रावर हरवणाऱ्या अमेरिकन अॅडमिरल निमिट्झनेही पैसे दिले. तरुण असताना, १९०५ मध्येच, त्याने टोगोला पाहिलं होतं. तेव्हा चिलीची एक जुनी ब्रिटिश बनावटीची युद्धनौका भंगारात काढायला जपानमध्येच आली होती, तिचे काही भाग मिकासावर बसवले. २७ मे १९६१ ला ती पुन्हा उघडली.

"एकसष्ट," बाबा म्हणाले. "विक्रांत आपल्याकडे आली त्याच वर्षी."

उतरताना ते पुन्हा कुशीपाशी थांबले, हात लावला, पण या वेळी अंगठी आपटली नाही.

मिकासाच्या शेजारीच सारुशिमाचा धक्का आहे. सारु म्हणजे माकड. बेटावर एकही माकड नाही, निचिरेन नावाच्या बौद्ध साधूला पांढऱ्या माकडाने वाट दाखवली अशी दंतकथा आहे तेवढीच. बोटीने दहा मिनिटं. तोक्योच्या खाडीत माणसाने भराव न घातलेलं, मुळात असलेलं हे एकच बेट. राहत कुणी नाही. पोरं मांस भाजायला आणि पोहायला येतात.

बाकावर बसून आईने डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. समोर पाटी होती, तिच्यावर पंख पसरलेल्या पक्ष्याचं चित्र आणि खाली 'तोम्बी'पासून सावध. मी वाचून दाखवायच्या आत बाबांनी दशमीचा गुंडाळून रोल केला, तोंडाजवळ नेला आणि त्यांच्या कानाजवळून काहीतरी सर्रकन गेलं. मागून आली, पुढून नाही. वाऱ्याचा झोत, पंखाचा चेहऱ्याला स्पर्श, आणि हात रिकामा. बाबा बोटं तशीच धरून बसले होते. बोटाला चटणी होती, ओरखडा नव्हता.

"घार!" आई ओरडली. "अगं ही आपलीच घार!"

खरंच आपलीच. चेंबूरला मासळीबाजारावर घिरट्या घालते तीच जात, तीच दुभंगलेली शेपटी. दशमी घेऊन ती झाडावर बसली, एक घास घेतला आणि उरलेली खाली टाकली. आईला चोरीपेक्षा या टाकण्याचा राग जास्त आला. उरलेला डबा आम्ही छपराखाली जाऊन, पाठ भिंतीला लावून संपवला.

बेटाच्या पोटात १८८० च्या दशकातला किल्ला आहे. विटांच्या भिंती, त्यांवर शेवाळ आणि नेचे, दोन्ही बाजूंनी दाट झाडी, मध्ये खोल गल्लीसारखा रस्ता. पुढे विटांचा बोगदा, नव्वदेक मीटरचा, इतका अंधारा की जोडपी आपोआप हात धरतात, म्हणून त्याला प्रेमाचा बोगदा म्हणतात. बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून आईने त्यांचा हात धरला आणि मी मुद्दाम मागे राहिले. इथे तोफा बसवल्या होत्या, पण ज्या जहाजांसाठी बसवल्या ती कधी आलीच नाहीत.

परतलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि दशम्या अर्ध्याच पोटात असल्याने सगळ्यांना भूक होती. योकोसुकाला येऊन नौदलाची करी खाल्ली नाही तर आलात कशाला, असं इथले लोक म्हणतात. १९९९ पासून हे अधिकृत 'करीचं गाव' आहे. तीन ताटं आली: भातावर दाट तपकिरी चिकन करी, शेजारी कोशिंबीर, आणि ग्लासभर दूध. हे तीनही असल्याशिवाय तिला योकोसुकाची नौदल करी म्हणता येत नाही, असा नियम आहे.

आईने दुधाकडे पाहिलं, चिकनकडे पाहिलं. "विरुद्ध आहार."

मी सांगू लागले की यामागे नौदलाची मोठी गोष्ट आहे. १८८० च्या दशकात जपानी खलाशी बेरीबेरीने मरत. रियुजो नावाच्या जहाजावर ३७६ पैकी १६९ आजारी पडले, २५ दगावले. खलाशी पोटभर पॉलिश केलेल्या तांदळाचा पांढरा भात खायचे आणि जवळपास तेवढंच. ताकाकी कानेहिरो नावाच्या नौदलाच्या डॉक्टराने जेवण बदललं, मांस आणलं, पुढे भातात सातू घातला. त्याला वाटत होतं की प्रथिनं कमी पडतात. कारण चुकलं होतं, जीवनसत्त्वांचा शोध अजून लागायचा होता, पण खलाशी वाचले. मांस, भाज्या आणि भात एकाच ताटात द्यायचा सोपा मार्ग म्हणजे ब्रिटिश नौदलाची करी. १९०८ च्या नौदलाच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात तिची कृती आहे: गव्हाचं पीठ तुपासारख्या चरबीवर भाजा, करी पावडर घाला, मांस, कांदा, गाजर, बटाटा. सोबत 'चात्सुने' वाढा.

"चात्सुने म्हणजे?"

"चटणी."

आई पहिल्यांदा हसली. "मग ती तरी नीट करायची." तिने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि तिघांच्या ताटात चिमूट चिमूट टाकली. चव? गोडसर, पिठाळ, लहान मुलांना आवडेल अशी. चटणीने बरीच सुधारली. बाबांनी सगळं संपवलं, दूधही प्यायले. जपानी नौदल आजही दर शुक्रवारी करी खातं. भर समुद्रात आज वार कोणता हे कळावं म्हणून, असं म्हणतात. बाबांना ते एकदम पटलं. डॉकच्या कँटीनमध्येही त्यांना वार भाजीवरूनच कळायचा.

कान्नोनझाकीचं दीपगृह राहिलं. बाबांचा गुडघा आता बोलू लागला होता. जपानमधलं पाश्चात्त्य धर्तीचं पहिलं दीपगृह ते, १८६९ मध्ये पेटलेलं. ते बांधणारा फ्रेंच इंजिनिअर व्हर्नी, ज्याने योकोसुकाची पहिली गोदी उभी केली. दीपगृह नाही तर निदान त्याच्या नावाच्या बागेत तरी जाऊ, म्हणून चालत व्हर्नी पार्कला आलो.

मे महिना, गुलाबांचा बहर. आई त्यांच्यात हरवली. बाबा सरळ कठड्यापाशी. समोर पाण्यापलीकडे करड्या रंगाची जपानी जहाजं, काळ्या पाणबुड्या. बागेतच 'मुत्सु' या युद्धनौकेच्या तोफेची नळी ठेवली आहे, ४१ सेंटिमीटर तोंडाची, शंभर टनांहून जड. ते जहाज इथेच बांधलं होतं आणि १९४३ मध्ये नांगरावर उभं असताना स्फोटाने फुटलं. बाबांनी तोंडासमोर हवेत वीत धरून मोजलं. "दोन विती. मिकासाची दीड." त्यांना हिशेब आवडतो.

मग समोर बघत म्हणाले, "शिवालिक इथे आली होती."

मला माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधलं. नोव्हेंबर २०२२, आंतरराष्ट्रीय नौदल संचलन आणि त्यानंतर मलबार हा संयुक्त नौदल सराव. भारताची दोन जहाजं योकोसुकाला आली होती, शिवालिक आणि कामोर्ता.

"कामोर्ता कलकत्त्याची," बाबा म्हणाले. "शिवालिक आमची."

मी तेव्हा तोक्योतच होते. तासाभराच्या अंतरावर. बाबांनी पत्रे जोडलेलं जहाज आठवडाभर इथे होतं आणि मला पत्ता नव्हता.

"कुठे लावली असेल?" मी विचारलं.

बाबांनी कठड्यावर कोपरं टेकली, समोरचे धक्के एकेक करून बघितले. पाणी किती खोल असेल, वळायला जागा किती, शेजारी कोण उभं राहू शकेल, असं पुटपुटत होते. शेवटी एकाकडे बोट दाखवलं. बरोबर की चूक, कोण सांगणार?

"फोटो काढ त्याचा."

काढला. फोटोत संध्याकाळचं पाणी आहे, एक रिकामा धक्का आहे, आणि डाव्या कोपऱ्यात "गाडी चुकेल, चला आता" म्हणत आलेल्या आईची अर्धी पिशवी.